तांदळात लिहिलेलं नाव

मॅडम,

"जे नाव पहिले ठेवलं, तेच खरं. मंग ते कोणाले आवडो, नाही तर नको आवडो." भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, दोन्ही हातांत एक काचेची बरणी धरून तुम्ही हे म्हणाला होतात. शिकवताना तुम्ही पुस्तकातली मराठी बोलायचात, पण एखादी गोष्ट मनापासून सांगायची झाली की तुमची भाषा आपोआप घरची व्हायची, आणि आम्ही मुली लिहिणं थांबवून ऐकायला लागायचो. बरणीच्या तळाशी करंगळीएवढे, पांढुरके, दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले काही जीव पडून होते. मासे म्हणावेत तर त्यांना धड डोकं नाही, अळ्या म्हणाव्यात तर पाठीतून एक सरळ दोर गेलेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, अ‍ॅम्फिऑक्सस. तुम्ही सांगत होता की हा जीव ज्याच्या हाती पहिल्यांदा लागला त्याने त्याला बिनशंखाची गोगलगाय समजून त्याच नावाखाली टाकलं. मग दुसऱ्या एकाने ओळखलं की हे काही तरी वेगळंच आहे, आणि त्याच्यासाठी म्हणून स्वतंत्र नाव ठेवलं, ब्रँकिओस्टोमा. तोंडाभोवती मिशांसारखे जे धागे असतात ते त्याला कल्ले वाटले, म्हणून तसं नाव. तीही चूकच. पुढे तिसऱ्याने नाव दिलं अ‍ॅम्फिऑक्सस, म्हणजे दोन्हीकडून टोकदार. हे शोभणारं, म्हणायला सोपं, सगळ्या पुस्तकांत जाऊन बसलेलं. पण नियमाने खरं कोणतं, तर त्या जिवाचं म्हणून जे पहिलं ठेवलं गेलं ते. मी विचारलं, "पण मॅडम, ते तर चुकून ठेवलेलं नाव आहे ना?" तुम्ही बरणी उजेडाकडे धरली आणि म्हणालात, "चुकून ठेवलं, दिसाले धड नाही, म्हणाले कठीण. पण त्याचं आहे."

तेव्हा जिल्हा तुटून फार दिवस झाले नव्हते. गोंदिया वेगळा झाला होता आणि कॉलेजातल्या कागदांवर कुठं जुना जिल्हा, कुठं नवा, असं चाललं होतं. आम्ही कोणीच समुद्र पाहिला नव्हता. तुम्हीही नाही, हे तुम्ही लपवत नव्हतात. समुद्रातल्या जिवांचं एक अख्खं कपाट आमच्यापासून हातभर अंतरावर होतं आणि समुद्र कुठल्याही बाजूला गेलं तरी दिवस-दिवस लांब. तुम्ही म्हणायचात, "आपल्या इथं समुद्र बरणीत येते. म्हणून निदान बरणीवरचं नाव तरी खरं पाहिजे." आणि त्या वर्षी तुम्ही ठरवलं की कपाटातल्या सगळ्या चुकीच्या चिठ्ठ्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. डिंकाची बाटली सुकून दगड झालेली होती. मी म्हणाले, मी घरून खळ आणते. पवनीच्या आमच्या घरात मागाच्या ताण्याला लावायची तांदळाची खळ रोज शिजायची. बाबांनी डबा भरून दिला आणि विचारलं, "कॉलेजात माग बसवला का वं?" तुम्ही डब्याचं झाकण उघडून वास घेतला, हसलात, आणि दुपारभर आपण दोघी नावं चिकटवत बसलो. तुमचं अक्षर छापल्यासारखं होतं. मी फक्त खळ लावायची.

त्या दुपारी तुम्ही मला हर्डमानिया ट्रेमध्ये काढून दाखवला. बटाट्यासारखा एक गोळा, वर दोन तोंडं, एकातून पाणी आत घ्यायचं, दुसऱ्यातून बाहेर टाकायचं, जन्मभर एकाच दगडाला चिकटून. तुम्ही चिमट्याने त्याचं बाहेरचं जाड आवरण उचललं. "हे ज्यानं बनलं ते जनावरायच्या अंगात सहसा सापडत नाही, झाडायच्या अंगात सापडते. तुह्या बाबाच्या मागावर जे सूत आहे न, ते ज्याचं, त्याचंच हे. हा आपल्या अंगानं तयार करते अन् आपणच घालते." मी म्हटलं, "म्हणजे हा कोष्टी आहे, मॅडम." "कोष्टी आहे," तुम्ही म्हणालात, "अन् लुगडंही तोच आहे." कितीतरी वेळ आपण हसत होतो. मग तुम्ही गंभीर होऊन सांगितलं की याला लोक पुष्कळ वर्षं शिंपल्या-गोगलगायींच्या घरचा समजत होते. मोठेपणी पाहिलं तर तसाच दिसतो. कोणीतरी त्याचं लहानपण पाहिलं तेव्हा कळलं. लहानपणी त्याला शेपटी असते, शेपटीत तोच दोर असतो जो आपल्या पाठीत आईच्या पोटात असताना असतो, प्रकाश कळणारा एक ठिपका असतो, आणि तो पोहत असतो. मग एक दिवस डोक्याच्या बाजूने दगडाला चिकटतो आणि शेपटी, दोर, ठिपका, सगळं आतल्या आत जिरवून टाकतो. पुस्तकात याला अधोगामी रूपांतरण म्हणतात. तुम्हाला तो शब्द आवडत नसे. "अधोगती कायची?" तुम्ही म्हणालात. "त्याले जागा भेटली. जागा भेटली का मंग पहिलं सगळं पोटात टाका लागते." ट्रे धुताना तुम्ही माझ्याकडे पाठ करून हे म्हणालात, म्हणून तुमचा चेहरा मला दिसला नाही.

पावसाळ्यात ते कपाट कोणी उघडलं नाही. खळ तांदळाची, हवा ओली. कसरीने तुमच्या नव्या चिठ्ठ्या अशा खाल्ल्या की त्यांवर लिहिलेलं नावही राहिलं नाही, आणि खालची जुनी नावं परत वर आली. डिंकाने चिकटवल्या असत्या तर टिकल्या असत्या. पण आम्हा विणकरांच्या घरात चिकटवायचं म्हणजे खळ, दुसरं काही सुचतच नाही. आणि हे आपल्या दोघींच्याही लक्षात आलं नाही, ते आलं थेट प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी. बाहेरून आलेले परीक्षक स्थूल, हसतमुख गृहस्थ होते, त्यांना चहा आणि दुपारची गाडी, दोन्हींची घाई होती. शिपायाने बरण्यांवरची नावं कागदाने झाकून त्या मांडल्या होत्या, एकेक पाहून ओळखायची. मी लिहिलं होतं, ब्रँकिओस्टोमा. त्यांनी त्यावर लाल रेघ मारली. तुम्ही जवळ गेलात आणि म्हणालात, "सर, बरोबर आहे ते." "मॅडम, सारं जग अ‍ॅम्फिऑक्सस म्हणते." "सारं जग म्हणते म्हणून नाव बदलत नाही, सर. नियम आहे." ते हसले. "नियम मलेही ठाऊक आहे. पण तुमच्याच बरणीवर काय लिवलं आहे, पाहा न एकडाव." त्यांनी नावावरचा कागद काढला. बरणीवर तुमच्या चिठ्ठीचा एक कुरतडलेला कोपरा होता आणि त्याखाली स्वच्छ, ठसठशीत, जुनं नाव. त्यांनाही जरा वाईट वाटलं असावं. म्हणाले, "बरं, पोरगी हुशार दिसते. अर्धा गुण देतो." तुम्ही म्हणालात, "अर्धं नाव कोणाचं राहते का, सर? द्यायचा तर पुरा द्या, नाही तर राहू द्या." त्यांनी राहू दिलं.

परीक्षा संपल्यावर तुम्ही मला म्हणालात, "चाल, घरी जेव. तुह्या गाडीले टाइम आहे." तुमचं घर मी पहिल्यांदा पाहत होते. स्वयंपाकघर छोटं, ओट्यावर लाखोरीची डाळ शिजत होती, खिडकीतून शेजारच्या अंगणातलं वाळवण दिसत होतं. तुम्ही पदर खोचून खाली बसलात, मोठ्या ताटात तांदूळ घेतले आणि खडे निवडू लागलात. राग अजून बोटांत होता, तांदूळ ताटाच्या काठावरून उडत होते. मला तुम्हाला हसवायचं होतं. एवढंच होतं माझ्या मनात, खरंच. मी म्हणाले, "मॅडम, पहिलं नाव एवढं खरं असते तर मग तुम्ही तुमचं माहेरचं नाव काहून नाही लावत?" आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, नावही बदलतात, हे मला लहानपणापासून इतकं सवयीचं होतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे हे त्या क्षणापर्यंत मला सुचलंही नव्हतं. तुमची बोटं थांबली. "तो नियम जनावरायसाठी आहे," तुम्ही म्हणालात. "बायकायसाठी नाही."

डाळ उतू गेली. तुम्ही उठून गॅस बारीक केला आणि परत येऊन बसलात. मला वाटलं आता मला निघावं लागणार. पण तुम्ही तळहाताने ताटातले तांदूळ सारखे केले, जमीन सारवावी तसे, आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यात एक नाव लिहिलं. तुमचं ते छापील अक्षर तांदळात नीट उमटत नव्हतं, कडा ढासळत होत्या, तरी वाचता आलं. ते नाव सुंदर नव्हतं. धानाच्या शेतात रोज हाताळली जाते अशा एका साध्या गोष्टीचं नाव होतं, शहरातली माणसं ऐकून तोंडावर हात ठेवतील असं. ज्या नावाने सगळं कॉलेज तुम्हाला ओळखत होतं, ते एका फुलाचं होतं.

"वाचलं?"

"हो."

"मोठ्यानं वाचू नको."

मग तुम्ही ताट हलकेच हलवलं आणि ते गेलं. "माह्या मायनं ठेवलं होतं," तुम्ही निवडता निवडता म्हणालात. "इथं आली तवा असंच ताट समोर ठेवलं. सोन्याच्या अंगठीनं दुसरं नाव लिवलं. सगळ्यायनं वाचलं, हसले, साखर वाटली. माणसं चांगली आहेत हो, कोणी वाईट नाही. मी तांदळाकडंच पाहून राहिली होती. मले वाटलं, खालून पहिलं दिसन. नाही दिसलं." कपाटातल्या बरण्या त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आल्या, तुमच्याही आल्या असतील, कारण आपण दोघी एकमेकींकडे पाहायचं टाळत होतो. "हे कोठं लिवजो नको," तुम्ही म्हणालात. "अन् कोणाले सांगजो नको. हे माहं अन् मायचं आहे." मी मान हलवली. तुम्ही ते तांदूळ धुतले, शिजवले, आणि आपण दोघींनी लाखोरीच्या डाळीबरोबर तो भात जेवला. इतकी वर्षं झाली, अजून मी ताटात तांदूळ घेतले की पहिल्यांदा ते हाताने सारखे करते.

ते नाव मोठ्याने उच्चारलेलं मी एकदाच ऐकलं. तेव्हा मी नागपूरला पुढचं शिकत होते आणि सुटीत आले की तुमच्याकडे यायची. धरणाचं पाणी चढत होतं. नदीकाठचं तुमचं गाव उठलं होतं आणि तुमची आई पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत राहायला आली होती. तुम्ही मला स्कूटीवर मागे बसवून तिकडे नेलंत. सरळ रेषेत आखलेले रस्ते, सारखी घरं, अजून सावली न धरलेली झाडं. तुमच्या आईला डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण स्कूटीचा आवाज ओळखीचा झाला होता. फाटकापर्यंत पोचायच्या आत तिने आतून हाक मारली. ते नाव. आणि मॅडम, तुम्ही स्कूटी धड उभीही केली नाहीत. ती माझ्या अंगावर कलली आणि तुम्ही चपलांसकट आत धावलात. "आली न माय, आली." तुमचा तो आवाज मी वर्गात कधी ऐकला नव्हता. आई म्हणत होती, "एवढा उशीर काहून केला वं? भात थंडा होऊन राहिला न." माझी चाहूल लागली तशी तिने विचारलं, "अन् ही कोण?" तुम्ही म्हणालात, "पोरगी हाय माही. कॉलेजातली." आई माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाली, "वाळली हाय. खाऊ घालत जाय इले."

जेवताना ती नव्या वस्तीबद्दल सांगत होती. तक्रार नव्हती तिची. "नळ हाय, सडक हाय, लाइट हाय. सगळं हाय बापा इथं. पण तिकडं मी चुलीपाशी बसून इचं नाव घेतलं का तलावाच्या पाळीवरून ओ येत होता. इथं हाक मारली का ते भिंतीले लागून परत येते." मग तुमच्याकडे वळून, "तू येते तवाच हे नाव तोंडात येते. नाही तर नसते येत." परत येताना तुम्ही रस्त्याच्या कडेला स्कूटी थांबवलीत. तिथून लांबवर पाणी दिसत होतं, सपाट, राखाडी, त्यातून काही झाडांचे वाळके शेंडे वर आलेले. तुम्ही बोटाने दाखवलं नाही की आमचं घर तिथं होतं. फक्त थांबलात, आणि मग स्कूटी परत सुरू करत म्हणालात, "चाल. तुही गाडी चुकन."

माझं लग्न लाखनीला झालं. हायवेच्या कडेला घर, अंगणात बोललेलं ट्रकच्या आवाजात ऐकू जायचं नाही. तुम्ही माझ्या वरातीबरोबर सासरी आलात, माझ्या आईला म्हणालात, मी जाते पोरीबरोबर. तांदळाचं ताट आलं. सासूबाईंनी अंगठी काढली. माझ्यासाठी एक देवीचं नाव ठरवून ठेवलेलं होतं. तुम्ही पुढे होऊन अगदी सहज, जणू भाजीत मीठ आहे का विचारावं तसं म्हणालात, "ताई, इचं संशोधन छापून येऊन राहिलं आहे बरं. पहिल्या नावानं. आता नाव बदललं तर लोक म्हणतील हे दुसऱ्याच कोणाचं आहे." सासूबाई गोंधळल्या. "पण रिवाज हाय न, मॅडम." "रिवाज पुरा करा न. ताट आहे, तांदूळ आहे, अंगठी आहे. पहिलंच नाव लिवा त्याच्यात. कोणी रोकलं?" माझे यजमान हसू लागले, म्हणाले, "लिव माय, मलेही तेच पाठ आहे." आणि सासूबाईंनी माझंच नाव तांदळात लिहिलं. सगळ्यांनी वाचलं, हसले, साखर वाटली. छापून काहीच येत नव्हतं तेव्हा, हे आपल्या दोघींनाच ठाऊक होतं. तुम्ही ताटाकडे पाहत होता. मी तुमच्याकडे. मला त्या दिवशी पुष्कळ आहेर मिळाले, त्यातला हा एकच अजून रोज वापरात आहे.

पुढे मी समुद्राकाठी आले. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी आमचं केंद्र आहे, आणि माझं काम तेच, दगडांना, धक्क्याच्या खांबांना, होड्यांच्या तळांना चिकटलेले हे तुमचे कोष्टी ओळखणं. ओहोटीला दगड उलटायचे, हलक्या हाताने सोडवायचे, आवरण उघडायचं, आतली चाळणीसारखी पिशवी पसरून तिच्या घड्या पाहायच्या. तुम्हाला इकडे आणायचं किती वेळा ठरलं. आधी तुमच्या आईचं आजारपण, मग आई गेली, मग तुमचंच. फोनवर तुम्ही विचारायचात, "अन् खरोखर पाणी उडवते का ते?" मी म्हणायची, हो मॅडम, दाबलं की तोंडावरच. तुम्ही खूप हसायचात. शेवटच्या वेळी हसताना तुम्हाला धाप लागली आणि फोन दुसऱ्या कोणीतरी घेतला.

तेरवीला मी आले होते. हार घातलेल्या फोटोखाली फुलाचं नाव होतं, पुढे सासरचं आडनाव. कॉलेजातली माणसं त्याच नावाने तुमच्याबद्दल चांगलं बोलत होती, आणि ते सगळं खरं होतं. माहेरकडून तुमचा भाचा आला होता, तिकडच्या वस्तीतून, भावाचा मुलगा. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, आत्याचं माहेरचं नाव आठवते का? तो विचार करत राहिला. मग ओशाळून म्हणाला, "आत्याच म्हणत होतो न जी आम्ही." त्याचे वडील नाहीत, आजी नाही. गावातली जी माणसं तुम्हाला त्या नावाने ओळखत असतील ती कुठं कुठं पांगली. मंडपातून बाहेर येऊन मी उभी राहिले तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की ते नाव आता फक्त माझ्याकडे आहे. तुमच्या आईला निदान भिंत तरी होती हाक मारायला. मी तर बोलायचंही नाही असं ठरलं होतं.

आणि आता हे. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीलाही जेमतेम उघड्या पडणाऱ्या एका दगडाच्या खालच्या बाजूला, मला एक जीव सापडला आहे. आवरण इतकं पातळ की आतलं सगळं दिसतं, धुवट लुगड्यातून दिवा दिसावा तसं. आधी मला वाटलं ओळखीचाच असेल. तुम्ही शिकवलं होतं ते केलं, घाई केली नाही. दुसरीकडच्या बरण्या मागवल्या, जुनी वर्णनं वाचली, कोणी आधीच याला नाव देऊन ठेवलेलं नाही ना हे पुन्हा पुन्हा पाहिलं. त्याची पिल्लंही पाहिली, मॅडम. शेपटी हलवत पोहतात, तो ठिपका दिसतो, पाठीतला दोर दिसतो. मग काचेला चिकटतात आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळं आत ओढून घेतात. ज्यांना या कामातलं माझ्याहून अधिक कळतं त्यांनीही पाहून सांगितलं, हा नवा आहे. म्हणजे याला नाव नाही. म्हणजे मी जे ठेवीन ते पहिलं असेल, आणि ते कोणाला आवडो, नाही तर नको आवडो, पुढे कोणाला बदलता येणार नाही. कसर लागणार नाही त्याला.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. माणसांची नावं जनावरांना देण्याचा तुम्हाला किती राग. "त्या बिचाऱ्यानं काय बिघडवलं कोणाचं? ट्रकच्या मागं लिवतात तसं आपलं लिवून देते जो तो." नाव असं असावं की त्या जिवाबद्दल काही सांगेल, हे तुमचं मत. माझा इथला सहकारी म्हणतो, आवरणावरून ठेव, नाहीतर खाडीवरून ठेव, आणि बढती हवी असेल तर साहेबांवरून ठेव. आवरणावरून ठेवणं योग्य होईल. ते नाव मी लिहूनही पाहिलं. चांगलं आहे, शोभतं. फुलाच्या नावासारखं शोभतं.

मी तुमच्याशी मनात पुष्कळ भांडले आहे. म्हटलं, नाव कशावरून ठेवलं ते सांगायची सक्ती नाही, नुसतं नाव छापता येतं. तुमचा कुठं उल्लेख येणार नाही. या किनाऱ्यावर त्या शब्दाचा अर्थ कोणाला कळणारही नाही, इथल्या शेतात त्या वस्तूला वेगळं काहीतरी म्हणतात. म्हटलं, नियम जनावरांसाठी आहे ना, मग जनावराकडूनच तो पाळला जाऊ दे. यावर तुम्ही नुसते तांदूळ निवडत बसता. कारण तुम्ही ते नाव मला सांभाळायला दिलं होतं, वापरायला नाही, आणि हा फरक तुम्हाला कळतो तसा मलाही कळतो. हेही कळतं की हे तुमच्यासाठी नाहीच. तुम्हाला त्या नावाने ओ देण्याची जागा उरली नाही याचं दुःख तुम्ही कधीच पोटात जिरवून टाकलं होतं. जिरत नाही ते माझ्या.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. टाकीतल्या त्या जिवाचं पाणी बदलताना, आजूबाजूला कोणी नसलं की, मी त्याला त्या नावाने हाक मारते. हळू आवाजात. पहिल्यांदा तोंडातून निघालं तेव्हा मीच दचकले. आता सवय झाली आहे. तो वरचं तोंड मिटतो आणि पुन्हा उघडतो, तसा तो कशानेही मिटतो, त्यात माझ्या हाकेचं काही नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुमच्या घरी आता दुसरी माणसं आहेत आणि गावावर पाणी आहे. त्या जिवावरचा शोधनिबंध तयार होऊन पडला आहे, सगळं लिहून झालं आहे, फक्त नावाची जागा कोरी आहे. मॅडम, तुम्ही नाहीच म्हणणार, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी आवरणाचं नाव घालून ते पाठवून देईन, हेही मला माहीत आहे. तरी एकदा विचारते. लिहू का तिथं?